हृदयातल्या यंत्राची घरबसल्या देखरेख : मॉनिटर चोख, पण वाचणारा कोण?

पेसमेकर, आयसीडी (जीवघेणी धडधड शॉक देऊन मोडणारे यंत्र) किंवा सीआरटी-डी (शॉकबरोबर हृदयाचे ठोकेही एका तालात चालवणारे यंत्र) यांपैकी एखादे यंत्र छातीत बसवलेल्या रुग्णाला घरी सोडताना आजकाल बरीच रुग्णालये सोबत एक लहानसा मॉनिटर देतात. तो उशाशी ठेवायचा आणि विजेला जोडून द्यायचा. रात्री रुग्ण झोपेत असताना छातीतले यंत्र आपण होऊन त्याच्याकडे माहिती सोपवते, मॉनिटर ती मोबाइलच्या जाळ्यावरून कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि रुग्णालयातील तंत्रज्ञ किंवा डॉक्टर ती संगणकावर उघडून पाहतात. आमच्या वडिलांना, म्हणजे घरात आणि गल्लीत ज्यांना सगळे आबा म्हणतात त्यांना, पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयात सीआरटी-डी बसवल्यापासून ही सेवा आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील घरी चालू आहे. कोल्हापूरहून पुणे सुमारे २३० किलोमीटर. तपासणीसाठी जायचे म्हणजे गाडी, बरोबर एक माणूस आणि कामाचा एक अख्खा दिवस. त्यामुळे यंत्र घरबसल्या तपासले जाईल एवढे ऐकूनच घरातील सगळे राजी झाले होते. वर्षाहून अधिक काळ ही सेवा वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, छातीतले यंत्र आणि उशाचा मॉनिटर या दोहोंबद्दल तक्रार करण्यासारखे फार थोडे आहे; तक्रार आहे ती पलीकडच्या टोकाला ही माहिती कोण आणि किती तत्परतेने वाचतो याबद्दल, आणि नेमकी हीच गोष्ट शस्त्रक्रियेपूर्वी कोणी सांगत नाही.

कंपनीचे नाव मी लिहीत नाही, आणि त्याला कारण आहे. मिक्सर किंवा टीव्ही घेताना चार दुकाने फिरून निवड करता येते, तशी निवड येथे रुग्णाच्या हाती नसते. कोणते यंत्र बसवायचे हे डॉक्टर ठरवतात, आणि एकदा ते बसले की मॉनिटरही त्याच कंपनीचा घ्यावा लागतो. मेडट्रॉनिकची केअरलिंक, अॅबटची मर्लिन, बोस्टन सायंटिफिकची लॅटिट्यूड आणि बायोट्रॉनिकची होम मॉनिटरिंग या या क्षेत्रातील मोठ्या व्यवस्था. यांतील एकीचा मॉनिटर दुसरीच्या यंत्राशी जुळत नाही. शिवाय या सगळ्यांची मूळ रीत एकच असल्यामुळे जे बरे-वाईट मी सांगणार आहे, ते थोड्याफार फरकाने कोणत्याही घराला लागू पडावे.

यंत्राबद्दल थोडे सांगितल्याशिवाय सेवेचे मोल लक्षात येणार नाही. सीआरटी-डीला सामान्यतः तीन लीड, म्हणजे तीन बारीक तारा असतात. हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे एका तालात आकुंचन पावावेत यासाठी ते दोन्ही बाजूंना सतत सूक्ष्म विद्युतसंदेश देते, आणि जीवघेणी धडधड सुरू झाली तर शॉक देऊन ती मोडते. हे काम बजावत असताना ते स्वतःची आणि हृदयाची एक रोजनिशीच लिहीत असते : बॅटरीत किती जीव उरला आहे, तारांचा विद्युतरोध किती आहे, हृदय चालवायला किती व्होल्ट लागत आहेत, दिवसात किती टक्के ठोके यंत्राने चालवले, वरच्या कप्प्यांत अनियमित थरथर किती तास होती, शॉक द्यावा लागला का, आणि लागला असेल तर त्या क्षणीचा हृदयाचा आलेख कसा होता. काही यंत्रे छातीतील विद्युतरोधावरून फुप्फुसांत पाणी साचू लागल्याचा अंदाजही देतात. पूर्वी ही रोजनिशी सहा महिन्यांनी रुग्णालयात गेल्यावरच वाचली जाई. आता तिची नोंद रोज रात्री तपासली जाते आणि काही ठरावीक मर्यादा ओलांडली गेली तर लगेच सूचना निघते. हा बदल फार मोठा आहे. लीड तुटू लागलेली असताना रुग्णाला काहीही जाणवत नाही. जाणवते ते चुकीचा शॉक बसल्यावर, आणि असा शॉक शुद्धीत असताना बसणे किती भयंकर असते हे ज्यांनी सोसले आहे त्यांनाच विचारावे.

घरात मॉनिटर बसवणे अगदी सोपे आहे. अडचण आली ती प्लगची. आबांची कॉट सोप्यात आहे आणि तिच्याजवळच्या बोर्डावर एकच प्लग, त्यात वर्षानुवर्षे डासांची मशीन. मॉनिटर बिछान्यापासून साधारण दोन-तीन मीटरच्या आत असावा लागतो, म्हणून तो दुसऱ्या खोलीत नेऊन चालत नाही. काही दिवस रात्री मॉनिटर आणि डासांची मशीन यांची अदलाबदल होत राहिली, आणि ज्या रात्री डास जास्त त्या रात्री अर्थातच मॉनिटर बाहेर. शेवटी वायरमनला बोलावून दोन प्लगचा नवा बोर्ड बसवून घेतला. त्या दिवसापासून आईचा रात्रीचा शेवटचा प्रश्न ठरलेला आहे : "दिवा हिरवा हाय न्हवं? मग झोपा आता." हिरव्या दिव्याचा अर्थ मॉनिटर जाळ्याला जोडलेला आहे एवढाच, हृदय ठीक आहे असा नव्हे. हे आईला समजावून सांगण्याचा प्रयत्न घरातील प्रत्येकाने एकदा करून पाहिला आणि मग सोडून दिला.

मॉनिटरमध्ये सिम कंपनीचेच असते, रिचार्जची भानगड नसते. शहरात त्याला रेंजची अडचण आम्हाला आली नाही. मात्र भुदरगड तालुक्यातील आमच्या गावी आबा जत्रेला गेले तेव्हा तो तेथे उगाच लुकलुकत राहिला, जाळे मिळालेच नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी येथील डोंगरकपारीतल्या वाड्यांवर राहणाऱ्या रुग्णांनी हा प्रश्न आधीच विचारून घ्यावा. काही मॉनिटरना घरच्या वायफायवरून माहिती पाठवण्याची सोय असते. चार दिवस मॉनिटर बंद राहिला म्हणून आकाश कोसळत नाही, कारण नोंदी छातीतल्या यंत्रात साठत राहतात आणि जोडणी परत मिळाली की पुढे जातात. त्या चार दिवसांत काही घडले तर मात्र त्याची सूचनाही तेवढीच उशिरा निघते.

नव्या पिढीतील काही यंत्रे मॉनिटरऐवजी ब्लूटूथने थेट मोबाइलच्या अॅपशी जोडली जातात. ज्यांच्या हाती स्वतःचा स्मार्टफोन आहे आणि जो रात्री उशाशीच असतो त्यांना हे सोयीचे आहे, प्रवासातही वेगळे काही बरोबर न्यावे लागत नाही. परंतु अॅप पार्श्वभूमीला सतत चालू राहावे लागते, आणि बॅटरी वाचवण्याच्या नादात फोनच ते बंद करून टाकतो, नाहीतर नातू खेळायला घेतो. मुलाच्या फोनवर अॅप टाकून भागत नाही, कारण फोन रुग्णाजवळ हवा. सत्तरीपुढच्या आणि साधा फोन वापरणाऱ्या माणसासाठी भिंतीतल्या प्लगला लावून विसरून जाण्याचा मॉनिटरच मला उजवा वाटतो.

विजेबद्दलही एक गोष्ट नमूद करतो. कोल्हापूरकरांना महापुराचे वेगळे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुण्याचा रस्ता बंद झाला. अशा वेळी रुग्णाने न हलता त्याच्या यंत्राची खबर पुण्याला पोहोचणे ही चैन नव्हे, गरज आहे, आणि या सेवेचा खरा कस अशाच दिवसांत लागतो. पण त्याच दिवसांत वीजही जाते आणि मोबाइलचे मनोरेही बंद पडतात. छातीतल्या यंत्राला घरच्या विजेशी काही देणेघेणे नाही, ते स्वतःच्या बॅटरीवर चालते. मॉनिटर मात्र घरच्या विजेवर अवलंबून आहे. आम्ही तो इन्व्हर्टरच्या लाइनीवर घेतला आहे. त्याला वीज अगदी किरकोळ लागते.

आता ज्या प्रसंगाने या सेवेवर आमचा विश्वास बसला तो सांगतो. आबांचे शिवाजी उद्यमनगरात लहानसे वर्कशॉप आहे. रुग्णालयातून निघताना त्यांना बजावून सांगितले होते की, वेल्डिंग स्वतः करायचे नाही, आणि वेल्डिंगची मशीन व तिच्या केबलपासून निदान दोन फूट लांब राहायचे. कारण त्या प्रचंड प्रवाहाचे विद्युतचुंबकीय क्षेत्र तारांनी टिपले तर यंत्राला ते हृदयाचेच ठोके वाटू शकतात. ज्या माणसाने आयुष्यभर गेट आणि ट्रॉल्या जोडल्या त्याला दोन फुटांवर उभे करणे किती अवघड, हे उद्यमनगरातल्या कोणालाही पटेल. एके दिवशी आमच्या कोल्हापूरच्या हृदयरोगतज्ज्ञांचा फोन आला आणि त्यांनी आबांना पहिला प्रश्न विचारला : "काका, परवा सकाळी अकराच्या सुमारास तुम्ही कुठे होता?"

रात्री गेलेल्या नोंदीत परवाच्या त्या वेळचा एक आलेख होता. मी नंतर दवाखान्यात तो छापील कागदावर पाहिला. हृदयाचे स्वतःचे ठोके नेहमीच्या अंतराने चालले होते आणि त्यांच्यावर बारीक, दाट, एकसारख्या रेघांची जाळी पसरली होती. यंत्राने त्या रेघा वेगवान ठोके समजून मोजायला सुरुवातही केली होती; सुदैवाने शॉकचा निर्णय होण्यासाठी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अवधीच्या आतच त्या थांबल्या. अशी जाळी दिसली की डॉक्टरांपुढे दोन शक्यता असतात : एक तर लीड तुटू लागली आहे, किंवा बाहेरून विजेचा उपद्रव झाला आहे. लीडचा रोध त्या दिवशी आणि आधीच्या सगळ्या दिवशी स्थिर होता, म्हणजे तार शाबूत. उरली दुसरी शक्यता. आबांनी बराच वेळ आठवत नसल्याचा आव आणला, मग कबूल केले की एका पोराला वेल्डिंगचा टाका नीट बसत नव्हता म्हणून त्यांनी होल्डर हातात घेऊन "नुसतं दावलं". डॉक्टरांनी वर्कशॉपचे आणि घरचे अर्थिंग तपासून घ्यायला सांगितले, आणि शेतातील पाण्याच्या मोटारीबद्दलही चौकशी केली. ओल्या हाताला मोटारीच्या गळतीचा करंट लागल्याने आयसीडीने विनाकारण शॉक दिल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. रोजची नोंद नसती, तर ती जाळी कित्येक महिन्यांनी पुण्यात उघड झाली असती आणि तोपर्यंत आबांना त्या सकाळचे काहीही आठवले नसते. किंवा पुढच्या खेपेला होल्डर हातात असतानाच शॉक बसला असता.

दुसरा प्रसंग यंत्राच्या बाजूने तितकाच चोख, पण सेवेच्या बाजूने लंगडा. आबांच्या वरच्या कप्प्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे अनियमित थरथर सुरू झाली. सीआरटी यंत्राच्या रुग्णात याचे दुहेरी नुकसान होते. एकीकडे रक्ताची गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका वाढतो, आणि दुसरीकडे हृदयाचे स्वतःचेच वेडेवाकडे ठोके मध्ये घुसल्यामुळे यंत्राने चालवलेल्या ठोक्यांचे प्रमाण घसरते. ते ९८ टक्क्यांच्या वर राहावे अशी अपेक्षा असते, कारण त्याखाली आले की यंत्र बसवण्याचा फायदाच कमी होत जातो. मॉनिटरने ही सूचना शुक्रवारी रात्री पाठवली. अहवालाच्या कागदावर पाठवल्याची तारीख असते आणि उघडल्याचीही. ती उघडली गेली पुढच्या आठवड्याच्या मध्यावर. दरम्यान आबांना जिना चढताना धाप लागत होती आणि आम्ही मॉनिटरच्या भरवशावर निर्धास्त होतो. काही असते तर फोन आला असता, असे घरात एकमेकांना सांगत होतो.

या दिरंगाईचा माग काढला तेव्हा जे कळले ते एकट्या त्या रुग्णालयापुरते असेल असे मला वाटत नाही. सूचना पाहण्याचे काम एका तंत्रज्ञाकडे होते, ते नोकरी सोडून गेले होते. नवीन माणसाला इतर कामे सांभाळून जमेल तेव्हा संगणक उघडायचा होता. शनिवार-रविवार कोणीच पाहत नव्हते. आम्हाला दिलेल्या कार्डावरचा फोन नंबर जुन्या तंत्रज्ञाचाच होता. आणि कोल्हापूरचे आमचे डॉक्टर, जे आबांना महिन्याला तपासतात, त्यांना ही माहिती थेट दिसतच नव्हती. वेल्डिंगच्या वेळी पुण्याच्या डॉक्टरांनी आपण होऊन तो आलेख त्यांना पाठवला होता म्हणून तो फोन आला होता. म्हणजे पहिल्या खेपेला आम्हाला जी व्यवस्था वाटली, ती एका डॉक्टरांची वैयक्तिक दक्षता होती. आम्ही लेखी अर्ज केला, संमतिपत्र दिले आणि त्यानंतर कोल्हापूरच्या डॉक्टरांना नोंदी पाहण्याची मुभा मिळाली. रुग्णाचे खाते एका क्लिनिककडून दुसऱ्याकडे पूर्णपणे वर्गही करता येते. ही सोय पहिल्या दिवसापासून उपलब्ध होती, फक्त कोणी सांगितली नव्हती.

संशोधनाकडे पाहिले तर हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ट्रस्ट या अमेरिकेतील चाचणीत आयसीडी बसवलेले १,३३९ रुग्ण होते. दूरस्थ देखरेखीमुळे यंत्र तपासायला रुग्णालयात येण्याच्या फेऱ्या ४५ टक्क्यांनी कमी झाल्या आणि घटना घडल्यापासून ती डॉक्टरांच्या नजरेस येईपर्यंतचा अवधी ३६ दिवसांवरून २ दिवसांच्या आत आला. २०१४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या इन-टाइम चाचणीत ६६४ रुग्ण होते, आणि वर्षभरात देखरेखीच्या गटात १० तर दुसऱ्या गटात २७ मृत्यू झाले. इतका फरक पाहून कोणीही हरखून जाईल. पण २०१७ साली इंग्लंडमधील रेम-एचएफ ही १,६५० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली आणि तिच्यात मृत्यू किंवा हृदयविकारासाठी रुग्णालयात भरती होणे यांत काहीही फरक पडला नाही. इन-टाइममध्ये माहिती रोज येत होती आणि लाइपझिगच्या केंद्रात बसलेली माणसे ती पाहून पुढे कळवत होती, रुग्णाला फोन करून विचारपूस होत होती. रेम-एचएफमध्ये माहिती आठवड्याने पाहिली जात होती. दोन चाचण्यांतील फरकाचे हेच एकमेव कारण असेल असे मी म्हणत नाही, पण माझ्या दृष्टीने ते सर्वांत पटणारे आहे. २०२३ साली हृदयाच्या तालविकारांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी मिळून जी सहमतीची मार्गदर्शिका काढली, तिने तर मनुष्यबळाचाच हिशेब सांगितला आहे : देखरेखीखालील दर १,००० रुग्णांमागे किमान ३ पूर्णवेळ कर्मचारी हवेत. आपल्याकडील किती रुग्णालयांत या कामाला एक तरी पूर्णवेळ माणूस आहे, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे.

डॉक्टरांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. मॉनिटर सांगतो ते सगळेच उपचार करण्याजोगे नसते, आणि दर सूचनेमागे निर्णय घेणे सोपे नसते. एट्रियल फिब्रिलेशनचेच घ्या. यंत्रालाच सापडलेल्या आणि रुग्णाला न जाणवलेल्या अशा छोट्या झटक्यांसाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी द्यावी का, यावर २०२३ मध्ये दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले. आर्टेसिया चाचणीत अॅपिक्सबॅन या गोळीने पक्षाघात व गुठळीचे प्रमाण वर्षाला १.२४ टक्क्यांवरून ०.७८ टक्क्यांवर आले, पण मोठ्या रक्तस्रावाचे प्रमाण ०.९४ वरून १.७१ टक्क्यांवर गेले. एडॉक्सबॅनवरील नोआ चाचणी मध्येच थांबवावी लागली आणि तिच्यात स्पष्ट फायदा दिसला नाही. आबांचा झटका लांबलेला होता, धापही लागत होती, वयही होते, म्हणून गोळी सुरू झाली आणि हृदयाचा वेग आवरणाऱ्या औषधाची मात्रा बदलली. शेजारच्या कोणाला तेवढ्याच सूचनेवर गोळी दिली नाही म्हणून त्यांनी डॉक्टरांशी वाद घालू नये.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे आणि तो दूर करण्याचे काम रुग्णालये नीट करत नाहीत. ही तातडीची सेवा नाही. मॉनिटर रात्री माहिती पाठवतो, पलीकडे कोणी चोवीस तास डोळे लावून बसलेले नसते, आणि छातीत दुखू लागले तर मॉनिटरचे बटण दाबून रुग्णवाहिका येत नाही. त्यासाठी १०८ लाच फोन करायचा. एकच शॉक बसला आणि त्यानंतर बरे वाटत असेल तर डॉक्टरांना कळवून माहिती पाठवायची, पण एका दिवसात दोन किंवा अधिक शॉक बसले, अथवा एकानंतरही चक्कर, धाप किंवा छातीत दुखणे राहिले तर थेट रुग्णालय गाठायचे. उगाच मनाच्या समाधानासाठी बटण दाबत राहिल्याने यंत्राची बॅटरी थोडी थोडी खर्ची पडते, हेही आबांना सांगावे लागले. शिवाय दुरून यंत्र वाचता येते, त्याची मांडणी बदलता येत नाही; त्यासाठी रुग्णालयातील प्रोग्रामर या उपकरणापुढे प्रत्यक्ष जाऊन बसावे लागते. टाक्याची जागा लाल झाली आहे का, सुजली आहे का, हे तर कोणताच मॉनिटर सांगणार नाही. २०२३ च्या त्याच मार्गदर्शिकेप्रमाणे अखंड जोडणी असलेल्या आणि ठणठणीत रुग्णांची प्रत्यक्ष भेट २४ महिन्यांपर्यंत लांबवता येते. आमच्या दोन्ही डॉक्टरांनी वर्षातून एकदा या असे सांगितले आहे आणि मला तेच योग्य वाटते.

हॅकिंगची भीती आमच्या पुतण्याने घातली, कारण त्याने कुठेतरी वाचले होते. भीती अगदीच निराधार नाही. अमेरिकेचे माजी उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या यंत्राची बिनतारी सोय २००७ मध्ये याच कारणासाठी बंद करून घेतली होती, आणि २०१७ मध्ये तिकडे सुमारे ४,६५,००० पेसमेकरांच्या सॉफ्टवेअरमधील त्रुटी दूर करण्यासाठी रुग्णांना क्लिनिकमध्ये बोलवावे लागले. त्या त्रुटीमुळे कोणा रुग्णाला प्रत्यक्ष इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती. घरोघरच्या रुग्णाने या काळजीने देखरेख नाकारणे म्हणजे अपघाताच्या धास्तीने रुग्णवाहिका नाकारणे होय. मला त्याहून अधिक खटकते ते संमतिपत्र. आमच्या हाती दिलेला कागद पूर्ण इंग्रजीत होता, माहिती कोणत्या देशातील सर्व्हरवर राहते आणि ती आणखी कोण पाहू शकते याचा उल्लेख बारीक अक्षरांत शेवटच्या पानावर होता, आणि सही शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी इतर कागदांच्या गठ्ठ्यात घेतली गेली. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ही संमती माणसाला समजेल अशी असावी असे म्हणतो. मराठीत दोन पानांचा कागद काढणे कोणत्याही रुग्णालयाला जड जाऊ नये.

खर्चाबाबत सरसकट आकडा देण्यात अर्थ नाही. कुठे मॉनिटर यंत्राच्या किमतीतच धरलेला असतो, कुठे त्याचे वेगळे पैसे लावतात, आणि काही ठिकाणी नोंदी वाचण्याचे वार्षिक शुल्क असते. यंत्र विम्यातून किंवा शासकीय योजनेतून बसत असेल तर मॉनिटर त्यात धरला आहे का, हे अंदाजपत्रक हाती येतानाच विचारावे, कारण नंतर विचारल्यास उत्तर देणारा माणूस बदललेला असतो. आमच्यापुरते बोलायचे तर पुण्याच्या वाचलेल्या फेऱ्यांचा विचार करता पैसे वसूल झाले. वार्षिक शुल्क द्यायलाही माझी हरकत नाही, उलट ते घ्यावे आणि त्यातून सूचना वाचणारा माणूस नेमावा.

हल्ली ओळखीचे कोणी यंत्र बसवायला निघाले की माझ्याकडे चौकशीला येतात, आणि कोणती कंपनी चांगली हे विचारतात. मी त्यांना तो प्रश्न डॉक्टरांवर सोडायला सांगतो आणि दुसरे विचारायला लावतो : आमच्या नोंदी कोण वाचणार, सुट्टीच्या दिवशी कोण, लाल, म्हणजे तातडीची सूचना आली तर किती वेळात फोन येईल, तो कोणाला येईल, कोल्हापूरच्या डॉक्टरांना नोंदी दिसतील का, आणि मॉनिटर बंद पडला तर आम्हाला कसे कळेल. यांतील शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण मॉनिटर कित्येक दिवस जोडलेला नाही हे क्लिनिकच्या संगणकावर आपोआप दिसत असते. ते पाहून रुग्णाला फोन करणारे क्लिनिक चांगले समजावे. आबांच्या यंत्राची बॅटरी आणखी काही वर्षे पुरेल असा अंदाज आहे. ती संपत आल्याची पहिली सूचना निघाल्यावर यंत्र बदलायला साधारण तीन महिन्यांचा अवधी मिळतो, आणि नव्या यंत्राबरोबर बहुधा मॉनिटरही नवा येईल. त्या वेळी खाते सुरुवातीलाच कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे उघडायचे आणि पुण्याला फक्त पाहण्याची मुभा ठेवायची, असे दोन्हीकडच्या डॉक्टरांशी बोलून आम्ही आताच ठरवून ठेवले आहे.